दांडिया बाजारातलं सीए ऑफिस आणि ‘नॅस’चा भलताच पत्ता

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या दुमजली घरात हे ऑफिस आहे. खाली काका आणि अकाउंट्सची मंडळी बसतात. वरच्या मजल्यावर आर्टिकलशिप (सीए होण्यासाठीची उमेदवारी) करणारी मुलं आणि काकांची पुतणी असते. ती आता पार्टनर आहे, सगळे तिला ताई म्हणतात. वीसेक कॉम्प्युटर, दोन प्रिंटर (पैकी खालचा मोठा, स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारा) आणि जिन्याखालच्या कपाटात नॅस, म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आणि पक्षकारांच्या फायली ज्यात असतात तो डबा. त्याचं नेटवर्कवरचं नावही ‘नॅस’च. कुणीही पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा मारून ‘नॅस’ लिहायचं आणि फोल्डर उघडायचा. ही सवय सगळ्यांच्या हातात इतकी बसली होती, की त्या नावामागे आणखी काही नाव आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

तक्रार

इंटरनेटची लाइन बदलली. नव्या कंपनीचा माणूस फायबर ओढून, आपला राउटर भिंतीला ठोकून आणि जुना राउटर खोक्यात घालून गेला. त्यानंतर निम्म्या मशिनवर टॅली चाले, निम्म्यांवर कंपनीची यादीच रिकामी येई. स्कॅन केलेले कागद फोल्डरमध्ये पोचेनात. त्यातून तारीख होती १८. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायची मुदत २० ची. अशा वेळी सीए ऑफिसात फोन नुसता वाजला तरी लोक दचकतात.

लाइन लावणाऱ्यांना विचारलं तर ‘इंटरनेट चालू आहे, स्पीड बघा’ एवढंच उत्तर. इंटरनेट खरोखरच उत्तम चालू होतं. काकांचं निदान तयार होतं: “अरे, नॅस म्हातारा झालाय, नवा घेऊ.” नॅसला काहीही झालेलं नव्हतं. त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, १९२.१६८.१.१०, टाकला की फोल्डर लगेच उघडत होता. बिघाड नाव आणि पत्ता यांच्या मधल्या जागेत होता.

खालच्या काउंटरवरचं मशीन हे बंद पडलेल्यांपैकी एक. मी तपास तिथून सुरू केला. ब्राउझरमध्ये ‘नॅस’ आणि पुढे एक तिरकी रेघ लिहिली. (ती रेघ नसेल तर क्रोम एकट्या शब्दाला शोधायचा शब्द समजून गूगलकडे घेऊन जातो.) नॅसचं लॉगिनचं पान यायला हवं होतं. आलं ते ‘हे डोमेन विकणे आहे’ असं जाहिरातीचं पान. मग काळ्या खिडकीत पिंग केलं, म्हणजे त्या नावाचं मशीन उत्तर देतं का ते विचारलं. पिंगची पहिली ओळ लोक वाचत नाहीत, सरळ खालची उत्तरं बघतात. या प्रकरणात सगळं त्या पहिल्याच ओळीत होतं. लिहिलं होतं नुसतं ‘नॅस’, पण विंडोजने पिंग चालवला होता ‘नॅस.कखग.कॉम’ला, आणि चौकटी कंसात आयपी होता इंटरनेटवरचा, बाहेरचा.

(कखग.कॉम आणि पुढे येणारं अबक.इन ही मी इथे घातलेली सोयीची नावं आहेत. ऑफिसची खरी डोमेनं वेगळी.)

कखग.कॉम आलं कुठून

एकट्या शब्दाचं नाव, म्हणजे ज्यात एकही टिंब नाही असं, डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्या व्यवस्थेला) तसंच विचारण्यात काही अर्थ नसतो. म्हणून प्रत्येक मशीन आपल्याकडचं एक ठरलेलं डोमेन त्याच्या मागे जोडतं आणि ते पूर्ण नाव विचारतं. हेच डिफॉल्ट डोमेन. विंडोज त्याला डीएनएस सफिक्स म्हणतो, लिनक्समध्ये ते रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलीत ‘सर्च’ या ओळीत असतं. मशीनला ते तीन ठिकाणांहून मिळू शकतं: हाताने भरलेलं, राउटरने आयपी देताना डीएचसीपीतून (आयपी आपोआप वाटण्याच्या पद्धतीतून) सांगितलेलं, किंवा विंडोज डोमेनचं सदस्यत्व घेतल्यावर आपोआप आलेलं. इथे ते हाताने भरलेलं होतं.

कुणी भरलं याचा शोध घेताना ऑफिसचा इतिहास निघाला. काकांचे एक जुने भागीदार होते आणि दोघांच्या आडनावांवरून वेबसाइट काढली होती, तीच ही कखग.कॉम. तेव्हाच्या देखभाल करणाऱ्याने प्रत्येक मशिनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘हे सफिक्स जोडा’च्या यादीत कखग.कॉम लिहिलं आणि जुन्या राउटरच्या डीएनएस तक्त्यात ‘नॅस.कखग.कॉम म्हणजे १९२.१६८.१.१०’ अशी नोंद केली. तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे भागीदार वेगळे झाले, ऑफिसने अबक.इन घेतलं आणि कखग.कॉमचं नूतनीकरण कुणी केलं नाही. डोमेन मोकळं झालं, दुसऱ्या कुणीतरी उचललं आणि विकायला ठेवलं. अशी डोमेनं विकायला ठेवणारे बहुधा तारांकित नोंद करून ठेवतात, म्हणजे त्या डोमेनखाली कुठलंही नाव विचारा, उत्तर एकच, त्यांच्या जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ता.

हे सगळं होऊनही ऑफिसात काही बिघडलं नाही, कारण जुना राउटर आपल्या तक्त्यातूनच उत्तर देत होता आणि प्रश्न बाहेर जातच नव्हता. तो खोक्यात गेला आणि त्याच्याबरोबर तो तक्ताही गेला. नव्या राउटरला ‘नॅस.कखग.कॉम’ माहीत नाही, म्हणून त्याने तो प्रश्न प्रामाणिकपणे बाहेर पाठवला. बाहेरून उत्तर आलं, तेही प्रामाणिक, फक्त ते आमच्या नॅसचं नव्हतं.

आता निम्मी मशिनं चालत का होती? ती नंतर घेतलेली. त्यांच्यावर सफिक्स भरायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. डोमेन नाही म्हटल्यावर विंडोज डीएनएसचा नाद सोडतो आणि आसपासच्या मशिनांना ओरडून विचारतो, ‘इथे नॅस कोण?’ एलएलएमएनआर आणि त्याहून जुनं नेटबायोस ही ती ओरडण्याची पद्धत. नॅस हो म्हणतो आणि काम होतं. ज्यांच्यावर सफिक्स होतं त्यांना डीएनएसकडून उत्तर मिळालेलं असल्यामुळे ती ओरडायची पाळीच येत नाही. थोडक्यात, जी मशिनं नीट बसवून दिली होती ती अडली आणि ज्यांच्याकडे कुणी बघितलं नव्हतं ती चालली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आमच्या आर्टिकल पोरांसारखंच.”

या सगळ्यात आणखी एक चकवा होता. बंद पडलेल्या मशिनवर एनएसलुकअपला (डीएनएसला नाव विचारून बघण्याच्या प्रोग्रॅमला) ‘गूगल.कॉम’ विचारलं तरी तोच जाहिरातवाला आयपी येत होता, पण ब्राउझरमध्ये गूगल बिनतक्रार उघडत होतं. विंडोजमधला एनएसलुकअप टिंब असलेल्या नावालाही आधी सफिक्स जोडून बघतो. तो ‘गूगल.कॉम.कखग.कॉम’ विचारत होता आणि तारांकित नोंद त्यालाही हो म्हणत होती. नावाच्या शेवटी टिंब दिलं की सफिक्स जोडलं जात नाही आणि खरं उत्तर येतं. शिवाय एनएसलुकअप थेट डीएनएसलाच विचारतो, होस्ट्स फाइल (मशिनवरचीच नाव-पत्त्यांची यादी) आणि ओरडण्याची पद्धत त्याला ठाऊक नाहीत. म्हणून ‘एनएसलुकअपमध्ये येतं पण उघडत नाही’ किंवा नेमकं उलट अशा तक्रारी आल्या की मी आधी पिंग बघतो. लिनक्सवर त्याच कामाच्या डिगचंही असंच, तो सांगितल्याशिवाय सर्च डोमेन जोडत नाही. तिथे गेटएंट हे खरं साधन, कारण ते प्रोग्रॅम ज्या वाटेने नाव शोधतात त्याच वाटेने जातं.

यातली गंभीर बाब टॅलीची नव्हती. विंडोजला फोल्डर शेअरचं नाव सापडलं की तो समोरच्याला लॉगिनचा पुरावा आपणहून द्यायला जातो. समोर आपला नॅस आहे की परका सर्व्हर हे त्याला कळत नाही. त्यासाठी लागणारा ४४५ पोर्ट (फोल्डर शेअरचं ठरलेलं दार) या लाइनवरून बाहेर जोडला जात नव्हता, हे तपासलं. पुष्कळ इंटरनेट कंपन्या तो अडवतात. तरी नॅसवरचे सगळे पासवर्ड बदलून घेतले. नावांचा हा गोंधळ मोठ्या प्रमाणात कसा दिसतो याचं उदाहरण म्हणजे कॉर्प.कॉम. पूर्वी विंडोजच्या डोमेनला ‘कॉर्प’ असं नाव देण्याची पद्धत होती, आणि ऑफिसाबाहेर गेलेले असंख्य लॅपटॉप आपल्या फायली शोधत त्या खऱ्या डोमेनकडे जाऊन पोचत. शेवटी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ते डोमेनच विकत घेतलं.

१८ तारखेला मी एवढंच केलं: सगळ्या मशिनच्या होस्ट्स फाइलीत नॅसची एक ओळ, स्कॅनरमध्ये नावाऐवजी आयपी, आणि कुठे कुठे हे केलं त्याची यादी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली. मुदतीच्या दोन दिवस आधी नावांची व्यवस्था बदलायला घेणं हा वेडेपणा. होस्ट्स फाइल ही वाईट सवय आहे, पण यादीसकट केलेली वाईट सवय दोन दिवस चालते.

डोमेन कोणतं घ्यायचं

२० तारीख उलटल्यावर काका, ताई, वेबसाइट बघणारा मुलगा आणि मी असे बसलो. पर्याय बरेच होते आणि प्रत्येकाचं कुणी ना कुणी समर्थक होतं.

वेबसाइटवाल्याचं म्हणणं, सरळ ‘डॉट लोकल’ वापरा, सगळीकडे तेच असतं. असतं खरं, आणि म्हणूनच गोंधळ होतो. डॉट लोकल हे २०१३ च्या आरएफसी ६७६२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) नुसार मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे आसपास ओरडून विचारण्याच्याच आणखी एका पद्धतीसाठी, राखून ठेवलेलं आहे. मॅक, आयफोन, बरेच प्रिंटर डॉट लोकल दिसलं की डीएनएस सर्व्हरला विचारत नाहीत, ओरडून विचारतात. म्हणजे राउटरमध्ये सुबक तक्ता करायचा आणि ताईंच्या मॅकने तो बघायचाच नाही, अशी वेळ येते.

‘डॉट लॅन’ हा राउटरच्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीत मुळातच येतो, बदलला नाही तर तोच राहतो. छान आणि छोटा आहे, पण कुणीही तो खासगी वापरासाठी राखलेला नाही. राखलेला नाही याचा अर्थ उद्या जगात कुणाला तरी तो मिळू शकतो. ‘डॉट डेव्ह’चं तेच झालं. लोक आपापल्या मशिनवर मनमोकळं वापरत होते, ते गूगलच्या मालकीचं खरं डोमेन झालं, आणि २०१७ च्या अखेरीस क्रोम त्याखालचं प्रत्येक नाव सक्तीने एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) नेऊ लागला. कितीतरी जणांच्या चाचणीच्या साइट एका अपडेटमध्ये बंद पडल्या.

‘होम.आर्पा’ हे २०१८ च्या आरएफसी ८३७५ ने घरगुती नेटवर्कसाठी ठेवलेलं. घरी मी तेच वापरतो. ‘डॉट इंटर्नल’ आयकॅनने (डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या जागतिक संस्थेने) जुलै २०२४ मध्ये कायमचं खासगी वापरासाठी बाजूला काढलं, ते बाहेरच्या जगात कधी दिलं जाणार नाही. ऑफिसाच्या दृष्टीने हा सर्वांत निर्धोक बिनपैशाचा पर्याय. ज्यांच्याकडे स्वतःचं डोमेनच नाही त्यांनी आज डोळे मिटून डॉट इंटर्नल घ्यावं.

इथे मात्र स्वतःचं डोमेन होतं. मग वेबसाइटवाला म्हणाला, सगळ्या मशिनचं डिफॉल्ट डोमेन अबक.इनच करून टाका. यातली खोच अशी, की ऑफिसच्या राउटरने ‘अबक.इन माझं’ असं म्हटलं की त्याखालच्या ज्या नावाची नोंद त्याच्याकडे नाही ते नाव ऑफिसपुरतं नाहीसं होतं. पहिलं जातं ते वेबसाइटचं, मग मेलचं. मग प्रत्येक बाहेरची नोंद आतही करत बसायची, आणि बाहेर होस्टिंग बदललं की आत बदलायला विसरायचं.

मी सुचवला तो त्याखालचा कप्पा: ऑफिस.अबक.इन. नॅसचं पूर्ण नाव नॅस.ऑफिस.अबक.इन. राउटर फक्त या कप्प्याची उत्तरं स्वतः देणार, अबक.इनचं बाकी सगळं बाहेरून येणार. हे डोमेन आपलं आहे, त्यामुळे त्याच्यासाठी खरं सुरक्षा प्रमाणपत्र मिळू शकतं. डीएनएसमध्ये एक नोंद दाखवून लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेकडून ते घेता येतं, त्यासाठी नॅस इंटरनेटवर उघडा करावा लागत नाही. डॉट इंटर्नलला किंवा नुसत्या ‘नॅस’ला असं प्रमाणपत्र कुणी देत नाही. पूर्वी देत असत, पण आतल्या नावांची प्रमाणपत्रं १ नोव्हेंबर २०१५ पासून बंद झाली. नॅसच्या पानावर ब्राउझरची लाल पाटी आली की काका दर वेळी फोन करतात, त्यामुळे हा मुद्दा चर्चेत सगळ्यांत वजनदार ठरला.

काकांचा एकच प्रश्न होता. “आणि हे डोमेनही उद्या कुणी रिन्यू केलं नाही तर?” प्रश्न अगदी रास्त. नूतनीकरण आपोआप होण्यावर टाकलं, आणि रजिस्ट्रारकडचा (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडचा) मेल पत्ता जुन्या कर्मचाऱ्याचा होता तो बदलून ऑफिसचा केला.

वेबसाइटवाल्याने अबक.इनवरही एक तारांकित नोंद करून ठेवली होती, ‘पुढे मागे लागेल म्हणून’. ती काढायला लावली. तशी नोंद राहिली असती तर ऑफिसाबाहेर असलेल्या लॅपटॉपने नॅस.ऑफिस.अबक.इन विचारल्यावर वेबसाइटच्या सर्व्हरचा पत्ता मिळाला असता. म्हणजे कखग.कॉमचीच पुनरावृत्ती, फक्त घरच्या घरी.

मांडणी

लाइनबरोबर आलेल्या राउटरमध्ये डिफॉल्ट डोमेन भरायला जागाच नव्हती. म्हणून त्याच्यामागे ओपनडब्ल्यूआरटी चालणारा आपला एक राउटर ठेवला आणि आयपी वाटणं आणि नावं सांगणं ही दोन्ही कामं त्याच्याकडे दिली. ही दोन्ही कामं एकाच ठिकाणी असावीत, यावर मी अडून बसतो. त्यातला डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम ज्याला आयपी देतो त्याचं नाव लगेच डीएनएसमध्ये धरतो, वेगळा तक्ता लिहावा लागत नाही.

भरायच्या गोष्टी मोजक्याच. डोमेन म्हणून ऑफिस.अबक.इन. ‘लोकल’च्या जागी तेच दोन तिरक्या रेघांमध्ये, म्हणजे या कप्प्यातलं नाव माहीत नसेल तर ‘नाही’ म्हण, बाहेर विचारू नकोस. ‘एक्स्पांड होस्ट्स’ चालू, म्हणजे नोंदीत नुसतं ‘नॅस’ असलं तरी पूर्ण नावानेही सापडतो. ‘डोमेन नीडेड’ चालू, म्हणजे टिंब नसलेला प्रश्न कधीच ऑफिसाबाहेर जात नाही. या शेवटच्या दोन आणि ‘लोकल’कडे लोक दुर्लक्ष करतात आणि डोमेन भरलं की झालं म्हणतात. कखग.कॉमचं प्रकरण होऊ नये यासाठी खरं काम ‘लोकल’चं आहे.

मशिनांना डोमेन कळतं ते डीएचसीपीच्या १५ क्रमांकाच्या पर्यायातून, त्यात एकच डोमेन मावतं. अनेक डोमेनांची यादी द्यायची तर ११९ क्रमांकाचा पर्याय आहे, २००२ च्या आरएफसी ३३९७ मधला. आम्हाला एकच हवं होतं, १५ वर भागलं. मोठी यादी देण्याच्या मी विरुद्धच आहे. प्रत्येक चुकीच्या नावासाठी तितके प्रश्न जास्त विचारले जातात, आणि कुठल्या डोमेनने उत्तर दिलं हे शोधताना जीव जातो.

नॅस आणि प्रिंटर यांचे आयपी त्यांच्या मॅक पत्त्यावर (प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क भागाचा स्वतःचा क्रमांक) राउटरमध्येच बांधून टाकले. वरच्या मजल्यावर मुलांनी वायफायसाठी एक राउटर स्वतःच आणून लावला होता, तो स्वतःचे वेगळे आयपी वाटत होता. त्यामुळे वर ओरडून विचारलेला ‘नॅस कोण’ जिन्याखालच्या कपाटापर्यंत पोचत नव्हता. त्याचं आयपी वाटणं बंद करून त्याला नुसता वायफायचा खांब केला.

लागू केल्यावर

रविवारी केलं, सोमवारी मशिनं सुरू झाली. नव्या मशिनांनी ऑफिस.अबक.इन लगेच उचललं. जुनी मात्र कखग.कॉमच धरून बसली. विंडोजमध्ये सफिक्सची यादी हाताने भरलेली असेल तर डीएचसीपीने दिलेलं डोमेन तो नाव शोधताना वापरतच नाही, कितीही वेळा आयपी नव्याने घ्या. आयपीकॉन्फिग या नेटवर्कची सेटिंग दाखवणाऱ्या आदेशाच्या उत्तरात जोडणीपुढे नवं डोमेन दिसतं, त्यामुळे माणूस फसतो. त्याच उत्तरात वरच्या भागात सर्च लिस्ट असते, ती बघायची. ती यादी प्रत्येक जुन्या मशिनवर पुसली आणि खूण ‘मुख्य आणि जोडणीचं सफिक्स जोडा’ या पर्यायावर आणली. त्याच फेरीत कपाटावरची यादी घेऊन होस्ट्सच्या ओळीही काढल्या. त्या राहिल्या असत्या तर नॅसचा आयपी बदलेल त्या दिवशी पुन्हा निम्मी मशिनं.

दुसरी अडचण विचित्र होती. काही मशिनवर नाव कधी सापडे, कधी नाही. लाइनवाल्यांच्या राउटरची एक तार अजून आतल्या स्विचला जोडलेली राहिली होती. आयपी वाटणं त्याचं बंद होतं, पण तो आयपीव्ही६ च्या (आयपीच्या नव्या आवृत्तीच्या) घोषणेतून ‘डीएनएस माझ्याकडे’ असं सगळ्यांना सांगत होता. डीएचसीपीकडे कितीही बघितलं तरी हे दिसत नाही, कारण ही घोषणा डीएचसीपीतून जातच नाही. ज्या मशिनने त्याला विचारलं त्याला ‘असं नाव नाही’ हे उत्तर. तार काढली आणि प्रश्न मिटला.

अकाउंट्समधल्या एका अनुभवी बाईंनी तेवढ्यात स्वतःच्या मशिनवर दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ भरून ठेवला होता, ‘पहिला बंद पडला तर असावा’ म्हणून. हा समज फार पसरलेला आहे. दुसरा डीएनएस पहिल्याला माहीत नसलेल्या नावांसाठी नसतो. पहिल्याने ‘नाही’ म्हटलं की ते उत्तर अंतिम, दुसऱ्याला विचारलं जात नाही. आणि पहिला क्षणभर गप्प राहिला की विंडोज दुसऱ्याकडे वळतो आणि तिथेच रमतो. मग गूगलला ऑफिस.अबक.इनचा नॅस कुठून माहीत असणार? ज्या मशिनला आतली नावं लागतात त्याला आतला आणि बाहेरचा असे दोन डीएनएस कधीच देऊ नयेत. दोन द्यायचे तर दोन्ही आतले.

मोबाइलचं प्रकरण मी सोडूनच दिलं. अँड्रॉइडमध्ये खासगी डीएनएस म्हणून एखाद्या कंपनीचं नाव भरलेलं असेल तर तो राउटरला विचारतच नाही. मुलांच्या फोनवर नॅस उघडायची गरजही नाही.

स्कॅनरच्या पानावर डोमेनसाठी वेगळी जागा होती, ती भरली नाही. तिथे फोल्डरच्या पत्त्यात पूर्ण नावच लिहिलं. टॅलीच्या डेटा पाथमध्येही पूर्ण नाव, रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येही पूर्ण नाव. डिफॉल्ट डोमेन हे हाताने टाइप करणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी असतं. एकदा लिहून वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोष्टींनी त्याच्यावर भरवसा ठेवायचं कारण नाही. या ऑफिसात तो भरवसा बारीकसारीक ठिकाणी साठत गेला होता, म्हणून एक राउटर काढल्यावर तीन प्रकारची कामं थांबली.

ताई विश्वामित्री नदीपलीकडे अकोट्याला राहतात आणि संध्याकाळी घरून काम करतात. त्यांच्या घरच्या राउटरचं डोमेन वेगळं, त्यामुळे नुसतं ‘नॅस’ तिथे चालणार नव्हतं. वायरगार्डच्या (घरून ऑफिसच्या नेटवर्कात सुरक्षितपणे जोडणाऱ्या व्हीपीएनच्या) फाइलीत डीएनएसच्या ओळीत ऑफिसच्या राउटरच्या आयपीनंतर स्वल्पविराम देऊन ऑफिस.अबक.इन लिहिलं, की ते सर्च डोमेन म्हणून धरलं जातं. आता व्हीपीएन चालू असताना घरूनही छोटं नाव चालतं.

पूर्ण नावाची किंमत पहिल्याच आठवड्यात कळली. वरच्या मजल्यावरून तक्रार आली, की प्रत्येक एक्सेल फाइल पिवळी पट्टी घेऊन उघडते आणि ‘एडिट करू द्या’ दाबावं लागतं. विंडोजचा हिशेब जुना आहे: फोल्डरच्या पत्त्यात टिंब नसेल तर तो ऑफिसातला, टिंब असेल तर इंटरनेटवरचा. आयपीलाही तोच नियम, त्यातही टिंबं असतात. मुलांनी डेस्कटॉपवर नव्या पूर्ण नावाचे शॉर्टकट करून घेतले होते. एकाने तर वैतागून पट्टी येणारी सेटिंगच बंद केली होती, ती परत चालू केली, कारण मेलमधून येणाऱ्या फायलींसाठी ती पट्टी हवीच. इंटरनेट ऑप्शन्समध्ये सुरक्षेच्या पानावर ‘लोकल इंट्रानेट’च्या साइटींत ऑफिस.अबक.इनखालची सगळी नावं घातली. त्यानंतर नॅसवरच्या फायली बिनपट्टीच्या उघडतात, मेलमधल्या पट्टीसकट.

जुना राउटर अजून खोक्यात आहे. त्यातला तक्ता उतरवून घेतला तेव्हा नॅसखेरीज आणखी एक नोंद निघाली, ‘बायोमेट्रिक’. हजेरीचं ते मशीन केव्हाच भंगारात गेलंय, पण पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच पत्ता अजून भरलेला आहे. ते सॉफ्टवेअर कोण बघतं ते ताई विचारून सांगणार आहेत.